मुठीवरचे सोने

(लोखंडी मुठीवर सोन्याची नक्षी कशी बसवतात, ती निघून का जात नाही आणि या कलेवर कोणते दिवस आले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या कंपासपेटीतला कंपास हातात घ्या. उर्दूत तुम्ही त्याला ‘परकार’ म्हणता. त्याचे पाय गुळगुळीत असतात. पण अगदी वरच्या टोकाला, जिथे बोटांच्या चिमटीत धरून तुम्ही तो फिरवता, तिथे बारीक रेघा कोरलेल्या दिसतील. त्या रेघा कारखानदाराने शोभेसाठी काढल्या असतील का? बोटाला साबण लावून पाहा. गुळगुळीत पाय बोटांतून सटकतात. रेघांचे टोक मात्र पकडता येते. आता उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.

चाकू, सुरी, खंजीर, कट्यार अशा वस्तूंच्या बाबतीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. कंपास हातातून सटकला तर वर्तुळ बिघडेल. चाकू सटकला तर बोट कापेल. लाकडाची किंवा शिंगाची मूठ हाताला आपोआप बसते. पण सबंध मूठ लोखंडाची किंवा पोलादाची असेल, तर ती घामाने, पाण्याने किंवा तेलाने निसरडी होते. शस्त्रक्रियेच्या चाकूच्या दांड्याकडे पाहा. डॉक्टरांची बोटे ओली असतात, म्हणून त्या दांड्यावरही आडव्या रेघा पाडलेल्या असतात.

धातूची मूठ खरखरीत करण्याच्या अनेक रीती आहेत. कानशीने दोन दिशांनी तिरप्या रेघा पाडल्या की पतंगाच्या आकाराच्या लहान लहान चौकड्या तयार होतात. टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने ठोके देत गेले की ठिपक्यांची नक्षी उमटते. गोल तोंडाच्या हातोडीने ठोकले की उथळ खळगे पडतात आणि मूठ लाटांसारखी दिसते. काही कारागीर मुठीवर मेण किंवा लाख लावून, त्यात रेघा ओढून, ती आम्लात बुडवतात. मेणाखालचा भाग तसाच राहतो आणि उघडा भाग आम्ल खाऊन टाकते. कारखान्यात तर फिरत्या दांड्यावर दातेरी चाक दाबून क्षणात रेघा उठवतात. रीत कोणतीही असो, गुळगुळीत धातूला पकड देणे हा हेतू एकच असतो.

आता एक गंमत पाहा. जो खरखरीतपणा आपल्या बोटांना पकड देतो, तोच खरखरीतपणा सोन्यालाही पकड देऊ शकतो. ही गोष्ट ओळखून आपल्या देशातील कारागिरांनी लोखंडी मुठींवर सोन्याचांदीची वेलबुट्टी बसवली. तिला ना डिंक लागतो, ना डाग द्यावा लागतो. या कलेला ‘कोफ्तगरी’ म्हणतात.

हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे, ठोकणे. मांस कुटून केलेला तो कोफ्ता आणि सोन्याची तार ठोकून केलेले काम ती कोफ्तगरी. म्हणजे दावतीतला कोफ्ता आणि बादशहाच्या खंजिराची मूठ हे एकाच शब्दाचे नातेवाईक आहेत! ‘कारागीर’, ‘नक्षी’ आणि ‘खंजीर’ हे मराठी शब्दही फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले आहेत. त्यामुळे हा पाठ मराठी असला, तरी त्यातले पुष्कळ शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत.

कोफ्तगर आपले काम कसे करतो, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम तो लोखंडाची किंवा पोलादाची मूठ कानशीने घासून अगदी साफ करतो. तिच्यावर गंज, तेल किंवा मळ यांचा लवलेशही राहता कामा नये. मूठ अजून पात्याला जोडलेली नसते, हे लक्षात ठेवा. तसे का, ते पुढे कळेल.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे असते. कारागीर धारदार हत्याराने मुठीवर अतिशय बारीक आणि जवळजवळ रेघा पाडतो. एका दिशेने सबंध भाग भरला की तो मूठ फिरवतो आणि पहिल्या रेघांना छेदून दुसऱ्या दिशेने रेघा पाडतो. बहुधा तिसऱ्या दिशेनेही हेच काम होते. अशी रेघांची दाट जाळी तयार झाली की चकचकीत लोखंड करडे व मंद दिसू लागते. बोट फिरवले तर ते बारीक कानशीसारखे लागते.

एकाच दिशेच्या रेघा का चालत नाहीत? समजा, कंगव्याच्या दातांमध्ये एक दोरा अडकवला आहे. तो आडवा ओढला तर दात त्याला अडवतील. पण दातांच्याच दिशेने ओढला तर तो सहज निसटेल. तारेचेही तसेच होते. रेघा एकमेकींना छेदत असल्या म्हणजे तार कोणत्याही दिशेला वळली, तरी तिला अडवणारी रेघ असतेच. शिवाय हत्याराने लोखंड कापले जाताना प्रत्येक रेघेच्या काठावर लोखंडाची सूक्ष्म धार वर उठते. अशा हजारो सूक्ष्म धारा बारीक आकड्यांसारखे काम करतात.

मग कारागीर टोकदार सळईने जाळीवर नक्षीची रूपरेषा काढतो. वेल, पाने, फुले, जाळीदार चौकटी, कधी सुलेखनातील अक्षरे असे तिचे विषय असतात. त्यानंतर तो केसासारखी बारीक सोन्याची किंवा चांदीची तार घेतो. एका हाताने तार रेषेवरून वळवत न्यायची आणि दुसऱ्या हाताने लहान हातोडीने ती हलके हलके ठोकत जायचे, असे हे काम चालते. पान संपले की तो तार कापतो आणि पुढचे पान सुरू करतो. एखादे फूल पूर्ण सोन्याने भरायचे असेल, तर तारा शेजारीशेजारी बसवून ठोकतात. ठोकून चपट्या झाल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि सोन्याचा सलग पत्रा असल्यासारखे दिसते.

येथे शुद्ध सोनेच का लागते? सोने हा फार मऊ धातू आहे. हातोडीच्या हलक्या ठोक्यानेही ते पसरते आणि खाचांत शिरते. त्यात दुसरा धातू मिसळला की ते कठीण होते आणि खाचांत नीट शिरत नाही. म्हणून दागिन्याच्या सोन्यात तांबे मिसळतात. पण कोफ्तगराला शक्य तितके शुद्ध, मऊ सोने हवे असते. मऊपणा हा येथे दोष नाही, गुण आहे.

सबंध नक्षी ठोकून झाली की मूठ विस्तवावर तापवतात आणि पुन्हा ठोकतात. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने ती जोर देऊन घोटतात. उर्दूत तुम्ही ‘अकीक’ हा शब्द अंगठीच्या खड्यासाठी वापरता. तो दगड पोलादापेक्षाही कठीण असू शकतो. तो घासल्याने सोने खाचांमध्ये आणखी खोल बसते. नक्षीबाहेर जी जाळी उघडी राहिलेली असते, तिच्या धाराही दबतात आणि पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत होतो.

शेवटी मूठ पुन्हा तापवतात. या वेळी कारागीर रंगावर नजर ठेवून असतो. स्वच्छ पोलाद हवेत तापू लागले की सुमारे २३० अंश सेल्सिअसला ते फिकट पिवळे दिसते. पुढे ते तपकिरी, मग जांभळे आणि ३०० अंशांच्या आसपास गर्द निळे होते. हा रंग कोणी लावलेला नसतो. हवेतील ऑक्सिजनचा लोखंडाशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्या थरावरून प्रकाश परावर्तित होताना आपल्याला निळा रंग दिसतो. सोन्याचा मात्र ऑक्सिजनशी असा संयोग होत नाही, म्हणून ते पिवळेच राहते. ते वितळतही नाही, कारण सोने वितळायला १०६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. अशा रीतीने निळ्या आकाशात चांदण्या उमटाव्यात, तशी नक्षी निळ्या पोलादावर उजळून दिसते.

आता मूठ आधीच पात्याला का जोडत नाहीत, ते पाहा. चाकूच्या पात्याला विशिष्ट पद्धतीने तापवून व थंड करून कठीणपणा दिलेला असतो. ते ३०० अंशांपर्यंत पुन्हा तापले तर मऊ पडेल आणि धार टिकणार नाही. दुसरे कारण असे की, आपल्याकडे तलवारीची किंवा खंजिराची मूठ पात्याच्या शेपटीवर पुष्कळदा लाखेने घट्ट बसवत. लाख तर थोड्या उष्णतेनेही वितळते. म्हणून आधी मुठीचे काम पूर्ण आणि मग जोडणी, असा क्रम ठरलेला असे.

कोफ्तगरीहून वेगळी आणि अधिक कष्टाची एक रीत आहे. तिला ‘तहनिशां’ म्हणतात. तह म्हणजे तळ, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तीत नुसत्या बारीक रेघा न पाडता नक्षीच्या आकाराची खोल खाच कोरतात आणि तीत जाड तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. सोने अधिक लागते, वेळही अधिक लागतो. पण काम अधिक टिकते. बीदरच्या बिदरी कामातही अशी खाच कोरून चांदी बसवतात. मात्र तेथे लोखंड नसते, जस्त व तांबे यांचा मिश्र धातू असतो आणि तो बीदरच्या किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने काळा करतात. कोफ्तगरीत जमीन लोखंडाची असते आणि तिला निळा रंग विस्तव देतो.

ही कला आपल्या देशात बरीच जुनी आहे. अकबराच्या कारकिर्दीत अबुल फजलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात निरनिराळ्या कारागिरांबरोबर कोफ्तगरांचाही उल्लेख आहे. तुम्ही मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील शस्त्रांचे दालन अवश्य पाहा. अकबराचे चिलखत व ढाल तेथे जपून ठेवली आहेत. पोलादावर सोने कसे शोभते, हे तेथे डोळ्यांनी पाहता येईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुनी हत्यारे आहेत. तेथे पात्यांकडे तर सगळेच पाहतात. तुम्ही मुठींकडे पाहा.

राजेरजवाड्यांच्या काळात या कलेला मोठी मागणी होती. पंजाबात सियालकोट, राजस्थानात जयपूर, अलवर आणि उदयपूर ही तिची नावाजलेली ठिकाणे होती. मग काळ बदलला. १८५७ च्या उठावानंतर लोकांच्या हातची हत्यारे काढून घेण्यात आली. १८७८ मध्ये इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास बंदी आली. तलवारीच नकोत, तर तलवारीच्या मुठी कोणाला हव्यात? कोफ्तगरांनी हार मानली नाही. ज्या हातांनी मुठी सजवल्या, त्याच हातांनी ते डबे, तबके, कलमदाने आणि फुलदाण्या सजवू लागले. युरोपातील प्रदर्शनांत या वस्तूंचे कौतुकही झाले. तरी मागणी पूर्वीसारखी राहिली नाही आणि पुष्कळ घराण्यांतून ही कला निघून गेली. सियालकोट आता पाकिस्तानात आहे. धातुकामात मुरलेले ते गाव आज शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी जगभर ओळखले जाते.

उदयपूरमध्ये मात्र कोफ्तगरी टिकून राहिली. तेथे हे काम करणाऱ्यांत सिकलीगर घराणी आहेत. अरबी ‘सैकल’ म्हणजे धातू घासून चमकवणे. सैकल करणारा तो सैकलगर, आणि बोलता बोलता त्याचा सिकलीगर झाला. आपल्या महाराष्ट्रातही ‘शिकलगार’ हे आडनाव तुम्ही ऐकले असेल. चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्या आणि हत्यारे दुरुस्त करणाऱ्या या लोकांच्या नावात तोच शब्द दडला आहे. तुमच्या वर्गात एखादा शिकलगार असेल, तर त्याला त्याच्या नावाचा अर्थ जरूर सांगा.

२०२३ मध्ये उदयपूरच्या कोफ्तगरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तयार झालेला माल ‘उदयपूरची कोफ्तगरी’ या नावाने विकता येत नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कायदा नावाचे रक्षण करतो, हाताचे नाही. ज्या हाताला हे काम येते, त्या हाताकडून ते दुसऱ्या कोणी शिकले तरच कला पुढे जाते.

येथे खरी अडचण कोणती, ते समजून घ्या. गिऱ्हाईक दुकानात जातो, तेव्हा त्याला वरचे सोने दिसते. खालची जाळी सोन्याखाली झाकलेली असते. भाव कमी करा, असा आग्रह झाला की कारागिरापुढे दोन वाटा असतात : सोने कमी वापरायचे किंवा जाळी पाडण्याचा वेळ वाचवायचा. रेघा विरळ आणि उथळ पाडल्या, तरी नवी वस्तू तितकीच सुंदर दिसते. पण थोडे दिवस वापरले की तार एखाद्या टोकाने उचलली जाते, कपड्यात अडकते आणि पान किंवा फूल निघून येते. पुष्कळदा तर तारेऐवजी सोनेरी रंग किंवा पातळ मुलामाच दिलेला असतो. मग गिऱ्हाईक म्हणतो, “ही कोफ्तगरी काही टिकत नाही.” दोष घाईचा असतो आणि बदनामी कलेची होते. मनापासून जाळी पाडणारा कारागीरही त्या बदनामीत भरडला जातो, कारण त्याचा भाव गिऱ्हाइकाला जास्त वाटू लागतो.

म्हणून चांगले काम ओळखता आले पाहिजे. एक साधे भिंग पुरे. नक्षीच्या काठाशी भिंग धरा. खऱ्या कोफ्तगरीत सोन्याच्या कडेबाहेर, लोखंडावर, एकमेकींना छेदणाऱ्या पुसट रेघा दिसतात. डोळे मिटून बोट फिरवले तर तार किंचित उठलेली जाणवते. रंग किंवा मुलामा असेल, तर भिंगाखाली ना रेघा दिसतात, ना तारेची कड. तहनिशां कामात सोने खाचेत बसवलेले असल्याने आजूबाजूला जाळी नसते. पण सोन्याची कड स्वच्छ व धारदार असते.

अशी वस्तू घरात असेल, तर ती राखेने किंवा चिंचेने घासू नये. तिचा शत्रू ओलावा. घामातील मीठ आणि हवेतील दमटपणा यांनी लोखंड गंजते. गंज फुगतो आणि वरचे सोने उचलून टाकतो. मऊ कोरड्या कापडाने ती पुसावी आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, एवढे पुरे. पावसाळ्यात तर हे विसरू नये.

मऊ धातू खाचांत कसा शिरतो, हे तुम्हाला वर्गातही पाहता येईल. चॉकलेटभोवतीचा चंदेरी कागद एका नाण्यावर पसरा आणि चमच्याच्या पाठीने हलके हलके घोटा. नाण्यावरचे आकडे आणि नक्षी कागदावर हुबेहूब उठतील. हा कागद ॲल्युमिनियमचा असतो. तो नाण्याला चिकटून बसणार नाही, कारण नाण्यावर आकड्यांसारख्या सूक्ष्म धारा नाहीत. आता विचार करा : त्या असत्या तर काय झाले असते?

मुलांनो, यापुढे एखादी नक्षीदार मूठ पाहिलीत, तर प्रथम वरचे सोने पाहा. ते सुंदरच असते. मग भिंग घेऊन त्याच्या काठाशी असलेल्या पुसट रेघा शोधा. कारागिराचा सर्वाधिक वेळ आणि डोळ्यांची सर्वाधिक मेहनत तेथे गेलेली असते. शेकडो वर्षे ते सोने तेथेच बसून आहे, ते त्या रेघांच्या आधाराने.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘कोफ्तन’ या फारसी शब्दाचा अर्थ काय?
(आ) सोने किती अंश सेल्सिअसला वितळते?
(इ) उदयपूरच्या कोफ्तगरीला भौगोलिक निर्देशांक कधी मिळाला?

२. कारणे लिहा.
(अ) मुठीवर निरनिराळ्या दिशांनी रेघा पाडतात.
(आ) नक्षीचे काम पूर्ण झाल्यावरच मूठ पात्याला जोडतात.
(इ) तापवल्यावर पोलाद निळे होते. पण सोने पिवळेच राहते.

३. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
‘दोष घाईचा असतो आणि बदनामी कलेची होते’, असे लेखकाने का म्हटले आहे?

४. उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द या पाठातून शोधा व त्यांचा वाक्यात उपयोग करा.

५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या कामातील कोणता भाग गिऱ्हाइकाला दिसत नाही, ते विचारा आणि दहा ओळींत लिहून आणा.